विद्यार्थ्यांचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही दानाची चार अंगे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मंदिरातील प्रवचनात ती सांगितली जातात, पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेतली जातात. पहिल्या तीन दानांची सोय आपल्या समाजातील संस्थांनी पूर्वापार केली आहे. धर्मशाळा आहेत, दवाखाने आहेत, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या आहेत. चौथे दान मात्र बहुधा जीवदयेच्या अर्थानेच घेतले जाते. घरापासून दूर, परक्या गावी शिकणाऱ्या सोळा ते बावीस वर्षांच्या मुलाला अभय म्हणजे नेमके काय द्यायचे, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार ज्यांनी आयुष्यभर केला, आणि बोलून नव्हे तर वसतिगृहे चालवून केला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राची उजळणी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे उचित ठरेल.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या आजोळच्या गावी झाला. शेजारीच बाहुबलीचा डोंगर. घराणे दिगंबर जैन. मूळचे दक्षिणेकडील मूडबिद्रीचे, पुढे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झालेले. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण ठिकठिकाणी गेले. मुलगा अंगापिंडाने दणकट, स्वभावाने बंडखोर आणि अभ्यासात यथातथाच होता. प्राथमिक शिक्षण आटोपल्यावर 1902 च्या सुमारास पुढील शिक्षणासाठी त्यांना कोल्हापुरास पाठविण्यात आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहण्याची व्यवस्था दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली.

येथे एक प्रसंग घडला. आपल्या समाजाच्या स्मरणिकेत तो लिहिताना लेखणी किंचित अडखळते. पण तो वगळला तर भाऊराव समजणारच नाहीत. 1908 साली कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या शिरस्त्याप्रमाणे स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच भोजनगृहात पाऊल टाकावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही आणि न पटलेले करायचे नाही हा त्यांचा पिंड होता. बोर्डिंगचे त्या वेळचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः उच्चविद्याविभूषित आणि सुधारकी विचारांचे गृहस्थ होते. पण संस्थेचा नियम तो नियम. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

ऐन शिक्षणाच्या वयात, परक्या शहरात, ट्रंक उचलून रस्त्यावर यावे लागणे हा काय अनुभव असतो हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. जेवायचे कुठे, झोपायचे कुठे, घरी काय कळवायचे, शाळेतील सोबत्यांना काय सांगायचे? पोटापेक्षा मनालाच अधिक घोर लागतो. सुदैवाने शाहू महाराजांची दृष्टी त्यांच्याकडे वळली आणि राजवाड्यात त्यांची सोय झाली. महाराजांचे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांचे काम त्यांना जवळून पाहता आले. त्या काळी कोल्हापुरात प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे होते. सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंक्तीस आणणारे वसतिगृह काढण्याची कल्पना भाऊरावांच्या मनात तेव्हा रुजली की पुढे, हे निश्चित सांगता येत नसले, तरी ज्या भोजनगृहाचे दार त्यांच्यापुढे बंद झाले, ते त्यांनी जन्मभर विसरले नाही एवढे खरे.

शिक्षण मात्र पुढे सरकले नाही. इंग्रजी सहावीपर्यंत मजल गेली, मॅट्रिकच्या वर्गाचे तोंडही पाहता आले नाही. ज्यांनी पुढे शेकडो शाळा आणि महाविद्यालये काढली ते स्वतः परीक्षेत अपयशी ठरलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. तिच्यामागची सल सांगितली जात नाही. घरी परतलेल्या, काही कामधंदा नसलेल्या, लग्न झालेल्या तरुणाला वडिलांचे आणि गावाचे जे ऐकावे लागते ते भाऊरावांनीही ऐकले. 1909 मध्ये कुंभोजच्याच एका सधन पाटील घराण्यातील आदाक्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई असे ठेवण्यात आले. या माउलीविषयी पुढे लिहायचे आहे. त्यानंतर भाऊराव साताऱ्यास गेले आणि शिकवण्या करू लागले. पाटील मास्तर म्हणून त्यांचा चांगला जमही बसला. याच सुमारास, 1910 साली, वारणाकाठच्या दूधगाव येथे काही सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी विद्यार्थी आश्रम काढण्यात भाग घेतला. सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा हा त्यांचा पहिला प्रयोग.

आणि मग 1914 साल उजाडले. कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे एक प्रकरण उपस्थित झाले. दरबारी राजकारणात त्याचा संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर आणण्यात आला. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या लठ्ठ्यांच्या अमदानीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची आयती संधी चालून आली होती. एक खोटा शब्द बोलला की सुटका होती, कदाचित बक्षीसही मिळाले असते. भाऊरावांनी तो शब्द उच्चारला नाही. परिणामी त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, छळ झाला. या छळात त्यांचे मन इतके खचले की त्यांनी एकाहून अधिक वेळा जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि पुढे सुटलेही.

चरित्रग्रंथांत हा भाग बहुधा सत्यनिष्ठेचा दाखला म्हणून येतो आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात आणखीही काही आहे. सहा फुटी, पहाडासारख्या दिसणाऱ्या, पुढे हजारो मुलांचा आधार झालेल्या या माणसालाही एके काळी जगणे असह्य झाले होते. आपल्याकडे असे घडलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी फार कठोर असते. भ्याड, दुबळा, कर्मदरिद्री असे शब्द सहज वापरले जातात. त्या काळी तर असा प्रयत्न हा कायद्याने गुन्हाच होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पुढे मान्य केले की, असे पाऊल उचलणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली असतो असेच धरून चालावे, त्याला शिक्षा न करता उपचार आणि आधार द्यावा. कायद्याला हे उमगायला शतक लोटले. भाऊरावांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले तर वाटते की त्यांना ते स्वानुभवाने उमगले असावे. कोणते मूल केव्हा मोडेल हे त्याच्या अंगकाठीवरून ठरत नाही, हे ते जाणून होते.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पोटापाण्यासाठी फिरते विक्रेते म्हणून काम केले. ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर, पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याचे काम. या फिरतीत सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील गावन् गाव त्यांनी पायाखाली घातले. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागे. तिथे त्यांना दिसे की घरात हुशार मुलगा आहे, गावातली शाळा चौथीला संपते, तालुक्याच्या गावी राहायची सोय नाही आणि म्हणून मुलगा गुरांमागे आहे. त्या मुलाच्या वाटेत बुद्धीचा अभाव नव्हता. दोन वेळची भाकरी, झोपायला जागा आणि विचारपूस करणारे एक वडीलधारे माणूस एवढ्यावाचून ते अडले होते.

1919 साली कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. तेथे भाऊरावांनी ही कल्पना मांडली आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीला, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले अशा खेड्यांत लहान वसतिगृहे निघाली. 1924 मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास हलले आणि भाऊरावांच्या बिऱ्हाडातच सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. शाहू महाराज 1922 मध्येच निवर्तले होते. ज्यांनी रस्त्यावर आलेल्या मुलाला आसरा दिला त्यांचेच नाव त्या मुलाने आपल्या वसतिगृहास दिले. पुढे धनिणीच्या बागेत हे वसतिगृह नांदू लागले.

या वसतिगृहाची घडण थोडी विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण भाऊरावांचे खरे शास्त्र तिथे आहे. तेथे आचारी नव्हता, पाणक्या नव्हता, झाडूवाला नव्हता. मुलेच दळण दळीत, पाणी भरीत, सरपण फोडीत, भाकऱ्या थापीत, भांडी घाशीत, आवार झाडीत. ज्याच्या घरून धान्य येई तो धान्य आणी. ज्याच्या घरी दाणा नसे तो रिकाम्या हाताने येई. दोघेही एकाच जात्यावर बसत. जेवायला महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सर्व मुले एका पंक्तीत. कोणी वाढायचे आणि कोणी कुठे बसायचे हे जातीने ठरत नसे. या गोष्टीचे सामाजिक महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थ्याच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही.

मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला मदतीहून अधिक टोचते ती तिची वाच्यता. अमुक मुलगा फुकट जेवतो, तमुक मुलीला संस्थेचे कपडे मिळाले, हे एकदा चारचौघांत झाले की तो विद्यार्थी मान खाली घालून वावरू लागतो. पुढे गरज असूनही मागत नाही. उपाशी राहतो आणि पोट दुखते म्हणून सांगतो. शिष्यवृत्तीच्या समारंभात मुलांना व्यासपीठावर रांगेने उभे करून, दात्यांसमवेत छायाचित्र काढून पाकिटे देण्याची प्रथा आपल्या अनेक संस्थांत अजून आहे. दात्याला आनंद होतो, पण पाकीट घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही. शाहू बोर्डिंगमध्ये मदतीला वेगळे दारच नव्हते. सगळेच राबत आणि सगळेच जेवत. त्यामुळे कोण आश्रित आणि कोण घरचा हे बाहेरच्याला कळण्याची सोय नव्हती. श्रमाने मिळविलेल्या भाकरीला उपकाराची चव नसते. गरीब मुलाच्या मनातील लाजेचे एवढे अचूक निदान आणि इतका साधा उपचार क्वचितच पाहावयास मिळेल.

अर्थात हे सारे पैशावाचून चालणारे नव्हते. मुष्टी फंडाच्या नावाने घरोघर मूठमूठ धान्य गोळा केले जाई. सुगीच्या दिवसांत भाऊराव स्वतः गावोगाव हिंडत. खादीचे जाडेभरडे कपडे, खांद्यावर घोंगडे, छातीवर रुळणारी दाढी, अशी ती मूर्ती गावाच्या वेशीत दिसली की लोक समजत, पोरांसाठी धान्य न्यायला अण्णा आले. मुलेही त्यांना अण्णाच म्हणत.

आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. ही वहिनी सधन आणि सोवळ्याओवळ्याच्या जैन घरातून आलेली. कुंभोजच्या वाड्यात जे कधी पाहिले नव्हते ते साताऱ्याच्या बिऱ्हाडात रोजचे झाले : स्वयंपाकघरात सर्व जातींची मुले, त्यांतली काही आईवेगळी. प्रारंभी त्यांच्या मनाला हे जड गेले असणार. संस्कार एका रात्रीत गळून पडत नाहीत. पण मुलांची भूक आणि मुलांचे आजारपण यांपुढे ते संस्कार टिकले नाहीत. भाऊराव फिरतीवर असत तेव्हा वसतिगृह वहिनीच सांभाळीत. कोणाला ताप आहे, कोणी जेवला नाही, कोण घरच्या आठवणीने रडतो, हे वहिनींना ठाऊक असे, कारण मुले त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत. एकेक करून अंगावरचे दागिने मुलांच्या धान्यासाठी गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपले, उधारी मिळेना, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही मोडावयास दिले. एका जैन श्राविकेने, पती हयात असताना, त्या काळी हे करावे याचा अर्थ त्या पिढीतील स्त्रियांनाच पुरता कळेल. 1930 साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्था तेव्हा कोठे उभी राहत होती. तिचे पुढील वैभव त्यांनी पाहिले नाही. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे नाव मोठ्या अक्षरांत येते ते रास्तच आहे. परंतु शाहू बोर्डिंगमधील मुलांच्या मनाला जी ऊब मिळाली तिच्यात वहिनींचा वाटा अण्णांहून कमी नव्हता, असे आमचे मत आहे.

भाऊराव प्रेमळ होते म्हणजे मवाळ होते असे मात्र नाही. त्यांचा राग प्रसिद्ध होता. कामचुकारपणा आणि खोटे बोलणे त्यांना खपत नसे, शिस्त कडक होती. श्रम आणि अभ्यास यांचा दुहेरी भार प्रकृतीने नाजूक असलेल्या काही मुलांना झेपला नसेल, हेही मान्य केले पाहिजे. आजच्या मोजमापाने त्यांच्या काही रीती कठोर वाटतील. पण मुलांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : अण्णा रागावतील, पण घालवून देणार नाहीत. बोर्डिंगमधून घालवून दिलेला मुलगाच बोर्डिंगचा चालक झाला होता. रागावणारा आणि तरीही न टाकणारा वडीलधारा माणूस मिळणे, हे ज्याला घर नाही त्याच्यासाठी अभयच आहे.

पुढचा विस्तार वेगाने झाला. त्याचा तपशील संस्थेच्या अहवालांत आहे. येथे धावता उल्लेख पुरे. 1932 मध्ये, पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज आले, म्हणजे खेड्यांतील शाळांना लागणारे शिक्षक घडविण्याची सोय झाली. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे शिक्षण मोफत होते आणि राहण्याची सोय होती. गांधीजींच्या सूचनेवरून हरिजन सेवक संघाकडून वसतिगृहास वार्षिक 500 रुपये मिळत. रक्कम आज क्षुल्लक वाटेल, पण त्या दिवसांत तिने कितीतरी पोती धान्य येत असे.

1947 च्या जूनमध्ये, स्वातंत्र्य दारात असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. या महाविद्यालयाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. तोवर महाविद्यालयीन शिक्षण म्हणजे पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर. खेड्यातील मुलगा मॅट्रिक झाला तरी तिथे जाऊन राहण्याचा खर्च त्याच्या बापाच्या आवाक्याबाहेर. कोणी कसाबसा गेलाच तर त्याची भाषा, त्याचा पोशाख, त्याचे ताटात वाकून जेवणे हे सारे टिंगलीचे विषय होत. वार लावून जेवणारे, एकाच सदऱ्यावर वर्ष काढणारे विद्यार्थी त्या पिढीत असंख्य होते. कितीएक जण मधूनच परत गेले. त्यांच्या परत जाण्याचे कारण महाविद्यालयाच्या नोंदवहीत नापास एवढेच लिहिले गेले.

शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका ही योजना भाऊरावांनी महाविद्यालयाच्या पातळीवर आणली. वसतिगृहात जे जात्याने आणि कुऱ्हाडीने साधले तेच येथे कुदळ-फावड्याने साधायचे होते. ज्याला शुल्क भरणे शक्य नाही त्याने सकाळी किंवा सुटीत ठरावीक तास श्रम करावे, शेतात, बागेत, बांधकामावर किंवा कार्यालयात, आणि त्या मोबदल्यात त्याचे शिक्षण व्हावे. माळावरची जमीन विद्यार्थ्यांनी सपाट केली, इमारतींसाठी दगड वाहिले. पदवीधर होणाऱ्या मुलाच्या हाताला घट्टे पडले, आणि त्या घट्ट्यांची त्याला लाज वाटली नाही. शहरातल्या महाविद्यालयात ज्याला लपवावे लागले असते ते येथे मिरविता आले. बरोबरचे सगळेच तसे होते, हाच मोठा आधार. एकटेपणाने जितके विद्यार्थी खचतात तितके अभ्यासाच्या ओझ्याने खचत नाहीत, हे वसतिगृहे चालविणाऱ्या कोणासही विचारावे.

या महाविद्यालयाचे पहिले वर्ष संपत नाही तोच मोठे संकट कोसळले. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 मध्ये भाऊरावांनी तत्कालीन मुंबई सरकारवर परखड टीका केली. सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. हजारो मुलांचे जेवण टांगणीला लागले. भाऊरावांनी शब्द मागे घेतला नाही आणि वसतिगृहही बंद केले नाही. लोकांनी दाणागोटा, पैसा, जे जमेल ते दिले. संत गाडगे महाराजांसारखे सत्पुरुष पाठीशी उभे राहिले आणि कालांतराने अनुदान पूर्ववत झाले. 1954 मध्ये कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. 1955 मध्ये साताऱ्यात आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय आले.

शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेल्या मुलांतून प्राध्यापक, न्यायाधीश, आमदार झाले. बॅरिस्टर पी. जी. पाटील तर पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1962 मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठातही कमवा आणि शिका योजनेचे विद्यार्थी भवन उभे राहिले आणि महाराष्ट्रातील अन्य विद्यापीठांनीही ही योजना स्वीकारली. भाऊरावांची कल्पना अशा रीतीने विद्यापीठीय चौकटीत आली. चौकटीत येताना तिचे काही निसटले का, असा प्रश्न मात्र पडतो. कामाचे तास आणि मोबदल्याचा तक्ता तिथे आला. वहिनी आल्या नाहीत.

आजच्या विद्यार्थ्याची विवंचना निराळ्या रूपात येते. भुकेने मरायची वेळ सहसा येत नाही. पण स्पर्धा परीक्षांचे अपयश, घरच्यांच्या अपेक्षा, शैक्षणिक कर्ज, हातातल्या पडद्यावर अहोरात्र दिसणारे इतरांचे यश, आणि खोलीत तिघे असूनही एकाशीही न बोलता जाणारे दिवस, हे आजचे उपासच आहेत. अनेक महाविद्यालयांनी समुपदेशक नेमले आहेत ही स्वागतार्ह गोष्ट आहे. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्या समाजातील प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा. तरीही समुपदेशकाच्या खोलीचे दार ठोठावताना कोणी पाहील का, ही भीती विद्यार्थ्याला असतेच. तेही एक वेगळे दार आहे, आणि शाहू बोर्डिंगमध्ये वेगळे दार नव्हते. रात्रीच्या पंक्तीत एक ताट रिकामे राहिले तर ते कोणाचे, हे ओळखणारे माणूस आपल्या वसतिगृहांत आहे का, हा प्रश्न विश्वस्तांनी इमारतीच्या जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकाबरोबरच विचारात घ्यावा.

अखेरच्या काळात भाऊरावांची प्रकृती ढासळली. जन्मभराची पायपीट, अवेळी जेवण आणि विश्रांतीचा अभाव यांनी ते दणकट शरीर थकविले होते. 1959 च्या प्रजासत्ताक दिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी 5 एप्रिलला पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिकच्या वर्गापर्यंत न पोहोचलेल्या, राजाराम हायस्कूलमधून रिकाम्या हाताने परतलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने दिलेली ती पदवी. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 9 मे 1959 रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांना साताऱ्यास आणण्यात आले. संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन केले, आणि 1947 साली मुलांनी दगड वाहून उभारलेले छत्रपती शिवाजी कॉलेज त्या विद्यापीठाचा एक घटक आहे.